व्हायरसची वही

मागच्या महिन्यात सोनाळ्याला गेलो होतो. घराला रंग द्यायचा म्हणून कपाटं रिकामी करणं चाललं होतं, आणि त्यात बाबांची एक दोनशे पानी वही हाती लागली. वर त्यांच्या मास्तरी अक्षरात, लाल शाईत, एकच शब्द: 'संगणक'. आत पहिल्या पानापासून सगळं शिस्तीत. संगणक चालू कसा करायचा (आधी स्टॅबिलायझर, मग यूपीएस, मग डबा), बंद कसा करायचा, मराठी टाइप करताना 'ज्ञ' कुठे सापडतो, माझा ईमेल पत्ता, धाकटीचा ईमेल पत्ता. आणि मधेच एका पानावर चौकट आखून हे:

'१२ ऑगस्ट २००९, बुधवार. सापडलेले रोग: ३१.'

'१३ ऑगस्ट, गुरुवार. सापडलेले रोग: ३८. वाढत आहेत.'

'१४ ऑगस्ट, शुक्रवार. सापडलेले रोग: ३१. (सात कसे गेले?)'

'१५ ऑगस्ट. झेंडावंदन. संगणक बंद ठेवला.'

पुढच्या दोन पानांवर त्या एकतीस रोगांची नावं, एकेक इंग्रजी अक्षर जपून उतरवलेलं. खाली पट्टीनं रेघ मारून: '४९ डॉलर ९५ सेंट. बँकेत विचारणे.'

रद्दीच्या गठ्ठ्यावर बसून मी ते पान तीनदा वाचलं. तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात विंडोज एक्सपी वापरलंय, त्यांनी ओळखलंच असेल हे काय प्रकरण आहे. खोटा अँटिव्हायरस! नात्यातल्या बऱ्याच मंडळींना हा किस्सा अर्धा माहीत आहे, कारण तो मीच सांगितला होता, आणि हसत हसत. उरलेला अर्धा आज सांगतो. पण त्याआधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय तो किस्सा नुसताच विनोद वाटतो. इतकी वर्षं मला वाटला तसा.

ज्यांना सोनाळा माहीत नाही त्यांच्यासाठी: बुलडाणा जिल्हा, संग्रामपूर तालुका, अगदी सातपुड्याच्या पायथ्याशी. गावापलीकडे डोंगर सुरू होतो आणि त्यात अंबाबरवा अभयारण्य. रेल्वे पकडायची तर शेगाव. सोनाजी महाराजांच्या यात्रेचं हे गाव. शेती कपाशीची, आणि पाणी असेल तिथे संत्र्याची.

आमच्या घरी संगणक आला २००६ साली. धाकटीनं एमएस-सीआयटी केलं होतं. एमकेसीएलचा हा कोर्स २००१ च्या सुमारास सुरू झाला आणि बघता बघता असा पसरला की लग्नाच्या बायोडेटात सुद्धा त्याची ओळ असे. धाकटी लग्न होऊन गेली, मी पुण्यात नोकरीला, आणि नुकतेच निवृत्त झालेले बाबा त्या संगणकासमोर एकटे उरले. शिक्षक माणूस. नवीन वस्तू आली की तिची वही करायची ही त्यांची पद्धत. मोबाईल जोडून चालणारं रखडत रखडत येणारं इंटरनेट, दिवसातून अनेक तास भारनियमन, आणि तरीही रोज संध्याकाळी तासभर ते काही ना काही वाचत. पुण्याचं हवामान सुद्धा बघत. कशाला, तर मी तिकडे आहे म्हणून.

ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात काय चाललं होतं ते आठवतंय? स्वाइन फ्लू. भारतातला त्याचा पहिला मृत्यू ३ ऑगस्टला पुण्यात झाला. शाळा बंद, सिनेमागृहं बंद, तोंडाला मास्क लावलेली माणसं आणि तपासणीसाठी लागलेल्या रांगा. मी फोनवर सांगायचो की मी ठीक आहे. बाबांचा माझ्यावर विश्वास नव्हता (बरोबरच होतं, मी त्यांना ताप आल्याचं सांगितलंच नव्हतं). म्हणून १२ तारखेला ते स्वतःच इंटरनेटवर स्वाइन फ्लूची माहिती शोधायला बसले.

आणि इथे ते सापडले. म्हणजे रोग नाही, बाबा.

त्या काळातल्या ठकांची एक रीत होती. जगात ज्या बातमीची चर्चा असेल, त्या शब्दांवर खोटी पानं बनवायची आणि शोधाच्या निकालांत ती वरती आणून ठेवायची. भूकंप, निवडणूक, नटाचा मृत्यू, काहीही. माणूस घाबरून किंवा उत्सुकतेनं तो शब्द शोधणार, पान उघडणार, आणि पानावर त्याला दिसणार त्याच्याच संगणकाचं चित्र. हुबेहूब 'माय कॉम्प्युटर' ची खिडकी, सी आणि डी ड्राइव्ह, सरकणारी हिरवी पट्टी आणि वाढत जाणारा लाल आकडा. प्रत्यक्षात ते नुसतं चित्र. खऱ्या सी ड्राइव्हला कुणी हातही लावलेला नसे. खाली बटण: 'सगळे व्हायरस काढा'. ते दाबलं की मात्र खरोखरचा एक प्रोग्रॅम संगणकात उतरे, आणि तिथून पुढे त्याचं राज्य. यातली एक गंमत बघा. खऱ्या अँटिव्हायरसचं अपडेट आमच्या त्या रखडणाऱ्या नेटवर कधी पूर्ण व्हायचंच नाही. हा खोटा इतका लहान, की पाच-दहा मिनिटांत घरात.

हा प्राणी आला कुठून? त्याची वंशावळ मी नंतर जमेल तशी शोधली.

पीसीवरचा पहिला मोठा व्हायरस मानतात तो 'ब्रेन', १९८६ चा, आणि तो आला लाहोरहून. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी लिहिलेला. आपल्या सॉफ्टवेअरची चोरून नक्कल करणाऱ्यांना धडा शिकवायचा होता असं त्यांचं म्हणणं. पण गोष्टीतली मेख वेगळीच आहे. त्या व्हायरसमध्ये भावांनी स्वतःचं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातला होता, आणि खाली सूचना होती की लसीसाठी आमच्याशी संपर्क साधा! म्हणजे रोग आणि वैद्य एकाच दुकानात ही कल्पना अगदी पहिल्या पिढीपासूनची. अल्वी बंधूंनी त्यातून काही धंदा केला नाही, पण वाट दिसली.

मग १९८९ च्या डिसेंबरात जगभर सुमारे वीस हजार फ्लॉप्या टपालानं गेल्या. एड्सविषयी माहिती देणारी फ्लॉपी असं त्यावर लिहिलेलं. त्या काळी एड्स या शब्दाला लोक किती घाबरत ते आठवा. ती फ्लॉपी घातल्यावर संगणक काही दिवस नीट चाले. साधारण नव्वद वेळा चालू-बंद झाला की फाइलींची नावं गुंडाळून ठेवी आणि १८९ डॉलर पनामातल्या एका टपालपेटीवर पाठवायला सांगे. इथेही तेच. खऱ्या रोगाच्या भीतीचा हात धरून संगणकाचा रोग आत येतो. बाबांच्या बाबतीत वीस वर्षांनी तेच झालं, फक्त एड्सच्या जागी स्वाइन फ्लू.

आपणही या इतिहासात मागे नव्हतो बरं का. १९९० मध्ये भारतात 'जोशी' नावाचा व्हायरस सापडला आणि पुढे जगभर पसरला. दर वर्षी ५ जानेवारीला तो संगणक अडवून धरी आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करायला लावी. तेवढं केलं की सोडून देई. हे जोशी कोण, ते जगाला कधी कळलं नाही. पैसे नाहीत, धमकी नाही, फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा. व्हायरस लिहिणाऱ्यांचा तो भाबडा काळ म्हणायचा. :)

त्याच सुमारास पुण्यात, मूळचे सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्तीचं छोटं दुकान चालवत होते. शिक्षण दहावीपर्यंत. धाकटा भाऊ संजय, त्याला त्यांनी संगणक शिकायला लावलं. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा ते काढायचे प्रोग्रॅम संजय लिहू लागले. त्यातून नव्वदच्या दशकाच्या मध्याला 'क्विक हील' उभं राहिलं. लाहोरचे दोन भाऊ आणि पुण्याचे दोन भाऊ अशी ही जोडी मला फार आवडते. दुकानात आलेला बिघडलेला संगणक समोर ठेवून, त्यातला रोग खरोखर बघून औषध करणारे वैद्य हे.

पण खऱ्या वैद्यांच्या धंद्यातही भीतीचा वाटा होताच, हेही सांगायला हवं. १९९२ साली ६ मार्चला 'मायकेलअँजेलो' नावाचा व्हायरस संगणक पुसून टाकणार म्हणून जगभर हाकाटी झाली. पन्नास लाख संगणक जातील असा आकडा अमेरिकेतल्या जॉन मॅकअफी यांच्या नावावर छापून आला. अँटिव्हायरसची विक्री धडाक्यात झाली. प्रत्यक्षात गेले दहा-वीस हजार. लोकांना एक धडा मिळाला की तज्ज्ञ सांगतात तेवढं काही होत नाही. आणि काही हुशार लोकांना दुसराच धडा मिळाला: आकडा मोठा सांगितला की माणूस पाकिटाला हात घालतो, आकडा खरा असायची गरज नाही.

दुसरा धडा शिकलेली मंडळी २००४-०५ च्या सुमारास कामाला लागली. मार्च २००५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं एका कंपनीविरुद्ध खटला भरला. ती फुकट तपासणी करून देई आणि अगदी स्वच्छ संगणकातही हेरगिरीचे प्रोग्रॅम 'सापडले' म्हणून सांगे. मग मोठे खेळाडू आले. सगळ्यात गाजलेलं नाव 'इनोव्हेटिव्ह मार्केटिंग'. कागदोपत्री बेलीझ या चिमुकल्या देशात, कारभार युक्रेनच्या कीव्हमधून. 'विनफिक्सर', 'ड्राइव्हक्लीनर', 'एक्सपी अँटिव्हायरस' ही सगळी याच घरची पोरं. यांची जाहिरातींची युक्ती ऐकण्यासारखी आहे. प्रतिष्ठित संस्थांच्या जाहिराती आहेत असं सांगून ते वेबसाइटवर जागा विकत घेत. जाहिरात तपासणाऱ्या माणसाला सभ्य जाहिरात दिसे, बाकीच्या जगाला लाल ढाल आणि धोक्याची घंटा. डिसेंबर २००८ मध्ये यांच्यावर खटला भरला गेला. फसलेली गिऱ्हाइकं दहा लाखांहून जास्त. मे २०१० मध्ये शिकागोत फौजदारी आरोपपत्र झालं, त्यात साठाहून जास्त देश आणि दहा कोटी डॉलरहून अधिक नुकसान असा हिशेब आहे.

आणि यांचं कॉल सेंटरही होतं! गिऱ्हाइकानं तक्रार केली तर गोड बोलून समजूत काढायची, फारच चिडला तर पैसे परत करायचे, म्हणजे तो क्रेडिट कार्ड कंपनीकडे जायचा नाही. पुढे २०११ मध्ये काही संशोधकांनी अशा तीन टोळ्यांची हिशेबाची कागदपत्रं अभ्यासली. तिघांची मिळून कमाई तेरा कोटी डॉलरच्या वर. त्यातही हेच दिसलं की तक्रारींचं प्रमाण कार्ड कंपनीच्या नजरेत भरणार नाही एवढं ठेवायचं, म्हणून ठराविक लोकांना पैसे परत देत. फसवणुकीचं किती नेटकं अंदाजपत्रक! गूगलच्या २०१० च्या एका अभ्यासात वेबवर सापडणाऱ्या सगळ्या घातक सॉफ्टवेअरमध्ये या खोट्या अँटिव्हायरसचा वाटा १५ टक्के निघाला होता.

आपल्याकडे याला आणखी एक दार उघडं होतं. बहुतेकांकडे एक्सपीची नक्कल केलेली प्रत. अपडेट घेतलं तर 'ही प्रत अस्सल नाही' अशी पाटी येते, म्हणून संगणक बसवून देणारा मुलगा जातानाच अपडेट बंद करून जाई. ऑक्टोबर २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक भोक बुजवलं, पण ज्यांनी अपडेट घेतलं नाही त्यांच्याकडे महिन्याभरात 'कॉन्फिकर' शिरायला लागला. पेन ड्राइव्हवर बसून तो गावोगाव फिरला. लग्नाचे फोटो, भजनांच्या एमपीथ्री, शाळेचे तक्ते, सगळ्यांबरोबर. आणि एप्रिल २००९ मध्ये कॉन्फिकरनं आपल्या ताब्यातल्या संगणकांत काय उतरवलं? एक खोटा अँटिव्हायरस. ४९ डॉलर ९५ सेंटचा. म्हणजे अख्ख्या जगाला धडकी भरवणारा तो कीडा शेवटी याच दुकानाचा फेरीवाला निघाला.

आता परत सोनाळ्याला येतो.

१२ ऑगस्टला बाबांचा फोन आला होता. "बाबू, आपल्या कॉम्प्युटरले रोग लागला. एकतीस निघाले." मी ऑफिसमध्ये, कामाच्या गडबडीत. म्हटलं, "बाबा, काही दाबू नका. मी महालक्ष्म्यांना येतो तेव्हा बघतो." दोन दिवसांनी परत फोन. "अरे, काल अडतीस व्हते, आज एकतीस हायेत. सात कसे गेले?" मी म्हटलं, "बाबा, प्लीज बंद करून ठेवा."

त्यांनी बंद केला. नुसता बंद नाही. संगणकावर चादर घातली, पेन ड्राइव्ह डबीत घालून वेगळा ठेवला, शेजारचा मुलगा फोटो घ्यायला आला त्याला परत पाठवलं, त्याच्या घरी रोग जाऊ नये म्हणून. पुण्यात लोक जे करत होते तेच. आणि मधल्या एका दिवशी बँकेत जाऊन विचारून आले की परदेशात ४९ डॉलर कसे पाठवायचे. तेव्हाच्या भावानं साधारण चोवीसशे रुपये. बँकेतले साहेब म्हणाले, गुरुजी, याला क्रेडिट कार्ड लागते. बाबांकडे क्रेडिट कार्ड नव्हतं. त्यामुळे चोवीसशे रुपये वाचले. कीव्हमध्ये बसलेल्या माणसानं सगळं जग धुंडाळलं होतं, पण खिशात कार्डच नसलेला निवृत्त मास्तर काही त्याच्या हिशेबात बसत नव्हता.

महालक्ष्म्यांना (पश्चिम महाराष्ट्रातल्या मंडळींसाठी: गौरी) मी घरी गेलो. सगळे काका, आत्या, त्यांची पोरं जमलेली. पुण्याहून सीडीवर 'मालवेअरबाइट्स' आणलं होतं. याची जन्मकथाही गोड आहे. मार्चिन क्लेचिन्स्की नावाच्या मुलानं शाळेत असताना घरचा संगणक असाच रोगट करून ठेवला, आईच्या भीतीनं तो साफ करायला अनोळखी जाणकारांची मदत घेतली, आणि त्या शिकण्यातून २००८ साली हे औषध निघालं.

चादर काढली, संगणक लावला. लाल ढाल हजर. टास्क मॅनेजर उघडायला गेलो तर 'ही फाइल रोगग्रस्त आहे' म्हणून बंद. सीडीवरचा प्रोग्रॅम उघडायला गेलो तर तोही 'रोगग्रस्त'. खोट्या वैद्याला खऱ्या वैद्याचं नाव पाठ होतं! मग संगणक परत सुरू करून एफ-८ दाबत सेफ मोडमध्ये शिरलो, म्हणजे मोजक्याच गोष्टी चालू होतात आणि हा झोपलेला असतो. औषधाच्या फाइलचं नाव बदलून 'महालक्ष्मी' ठेवलं. उघडली. आत्याबाई म्हणाल्या, देवीचंच नाव लागलं शेवटी. खरी तपासणी सुरू झाली. साठ टक्क्यांवर लाइट गेली, यूपीएसनं पाच मिनिटं तग धरला आणि मान टाकली. परत पहिल्यापासून. खऱ्या तपासणीला पावणेदोन तास लागले. खोट्याची तपासणी एका मिनिटात व्हायची, यातच खरं तर सगळं आलं. शेवटी एका लपवलेल्या फोल्डरात, नुसते आकडे असलेल्या नावाखाली तो सापडला. तो काढला, रजिस्ट्रीतली त्याची नोंद काढली, ब्राउझरची बदललेली सेटिंग परत लावली. संध्याकाळी आरतीच्या आधी संगणक स्वच्छ.

आणि मग जेवणाच्या पंगतीत मी तो किस्सा सांगितला. रंगवून. "आमचे बाबा व्हायरसची हजेरी घेत होते. रोज पटावर! आणि व्हायरसची फी भरायला बँकेत गेले होते!" सगळी पंगत हसली. बाबाही हसले. पुढची दोन-तीन वर्षं प्रत्येक लग्नात कुणी ना कुणी मला तो सांगायला लावायचं.

माझ्या लक्षात न आलेली गोष्ट ही, की त्या दिवसानंतर बाबा संगणकावर बसले नाहीत. मी विचारलं की म्हणायचे, डोळे दुखतात, लाइट नसते. वहीत १५ ऑगस्टनंतर एकही नोंद नाही. मागची सगळी पानं कोरी.

इकडे त्या धंद्याचं काय झालं? जून २०११ मध्ये एफबीआयनं अनेक देशांच्या पोलिसांबरोबर मोठी धरपकड केली. एकाच टोळीनं नऊ लाख साठ हजार लोकांना फसवलं होतं. त्याच सुमारास त्यांचे कार्डाचे पैसे वळते करून देणाऱ्यांचे हात आखडले, आणि खोटे अँटिव्हायरस झपाट्यानं कमी झाले. अँटिव्हायरसपेक्षा पैशाची नळी बंद करणं जास्त लागू पडलं. पण भीतीचं दुकान बंद होत नाही, जागा बदलतं. आता प्रोग्रॅमऐवजी माणूसच फोन करू लागला. 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, मी दुरुस्त करतो.' २०१२ मध्ये अमेरिकेनं अशा टोळ्यांवर खटले भरले, त्यातल्या बहुतेक भारतातून चालणाऱ्या. आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाड घातली, तिथे तर आपली पोरं अमेरिकेच्या आयकर खात्याचे अधिकारी बनून तिकडच्या म्हाताऱ्यांना अटकेची भीती घालत होती. वाचून मला पहिल्यांदा तिकडच्या बाबांची आठवण झाली. त्यांच्याकडेही वही असेल.

त्याच वर्षी, २०१६ मध्ये, यूपीआय आलं. काही वर्षांतच सोनाळ्याच्या चहाच्या टपरीवरही चौकोनी कोड लागला. बाबांच्या खिशात कार्ड नव्हतं म्हणून २००९ मध्ये त्यांच्यापर्यंत न पोचलेला हात आता थेट पोचत होता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पोचला. व्हिडिओ कॉल, पोलिसांचा गणवेश, तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडलेत, तुम्हाला 'डिजिटल अटक' आहे, कुणाला सांगितलं तर मुलालाही आत घेऊ. अशी कुठलीही अटक कायद्यात नाही, हे पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबरलाच 'मन की बात' मध्ये सांगितलं होतं. बाबांनी तो कार्यक्रम ऐकलाही होता. पण माणूस समोर गणवेशात बसून मुलाचं नाव घेतो तेव्हा ऐकलेलं आठवत नाही. चाळीस हजार गेले.

पैसे गेल्याचं मला कळलं नवव्या दिवशी, तेही आईकडून. १९३० या क्रमांकावर लगेच कळवलं तर पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता असते. नऊ दिवसांनी ती संपलेली. मी फोनवर जरा चिडूनच विचारलं, "बाबा, मला का नाही सांगितलं?" बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले,

"मले वाटलं, तू हासशीन."

त्या दिवसापासून मी याचा विचार करतोय. खोटा अँटिव्हायरस निष्काळजी माणसाला फसवत नसे. निष्काळजी माणूस ती खिडकी बंद करून क्रिकेटचा स्कोअर बघायला जाई. तो फसवायचा काळजी करणाऱ्याला. वाचणाऱ्याला, सूचना पाळणाऱ्याला, आपल्यामुळे दुसऱ्याच्या घरी रोग जाऊ नये म्हणून पेन ड्राइव्ह डबीत ठेवणाऱ्याला. आणि फसलेला माणूस गप्प बसतो, याच्यावर त्या धंद्याचा निम्मा हिशेब बेतलेला असतो. कीव्हच्या कंपनीला गप्प बसवायला कॉल सेंटर ठेवावं लागत होतं. आमच्या घरी ते काम मी फुकट केलं.

असो.

वहीचं ते पान घेऊन मी ओसरीवर गेलो. बाबा खुर्चीत बसले होते. वही पाहून म्हणाले, "काऊन, हासून राह्यला का?"

म्हटलं, "नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आलोय. सात कसे गेले ते." आणि त्यांना सांगितलं, की ते सात कधी नव्हतेच. एकतीसही नव्हते. तो दर वेळी मनाला येईल तो आकडा दाखवत होता. खरा रोग असता तर आकडा असा आपोआप कमी झाला नसता. त्याचं खोटं पकडायची सगळ्यात सोपी खूण तीच होती, आणि ती तुम्ही तिसऱ्याच दिवशी कंसात लिहून ठेवली होती. मला फोन करून विचारलीही होती. मीच ऐकलं नाही.

त्यांनी चष्मा लावला, पान नीट पाहिलं, आकड्यांवरून बोट फिरवलं.

"म्हंजे माहा हिशेब बरोबर व्हता," ते म्हणाले.

रंगाऱ्यानं आतून विचारलं, ही रद्दी टाकायची का? म्हटलं, वही सोडून.